जेवणानंतर, तीन वेळा

विनू, शरयू,

या पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक वर्तमानपत्रातलं कात्रण. त्यात तुमच्या मामाआजोबांचा कोट-टोपीतला फोटो आहे, आणि खाली लिहिलं आहे की आमच्या धर्मादाय दवाखान्यात रोग्यांना औषधाआधी पेज द्यायची पद्धत त्यांनी सुरू केली, कारण गरिबाची भूक त्यांना नाडीवरूनच कळत असे. दुसरी गोष्ट म्हणजे हे माझं लिहिणं. तुमचे बाबा ते कात्रण चौकटीत बसवून भिंतीवर लावतील, मला माहीत आहे. लावू देत. पण तुम्ही दोघं आता वाचायला लागलात, आणि छापलेलं सगळं खरं वाटायचं वय अजून सरलेलं नाही. नैरोबीला टपाल बोटीने जातं. कात्रण एका बोटीने आलं आणि माझं लिहिणं पुढच्या बोटीने, तर मधल्या दिवसांत कात्रणच खरं होऊन बसेल. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घातलं आहे.

दत्तूला, माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे तुमच्या मामाआजोबांना, जाऊन आज सोळा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गाडीने परत गेले, भांडी ज्याची त्याला पोचली, आणि आता मला बसून लिहायला वेळ आहे. लिहिते तुमच्यासाठी, पण बोलणार आहे त्याच्याशीच. पन्नासावर वर्षं मी त्याच्याशी भांडत आले. तो गेला म्हणून एकाएकी 'ते थोर होते' असं लिहिणं मला जमायचं नाही. तुम्ही शेजारी बसा आणि ऐका.

दत्तू, काल तुझी शोकसभा झाली. बायकांसाठी मागे चार खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यातल्या कडेच्या खुर्चीवर मी होते. दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "डॉक्टर नेहमी म्हणत, आधी पोट, मग औषध," असं त्यांनी सांगितलं आणि चष्मा पुसला. तू हे जन्मात कधी म्हणाला नाहीस. तू म्हणायचास, "अक्का, हा दवाखाना आहे, अन्नछत्र नाही. अन्नछत्रं या गावात पुष्कळ आहेत." आणि मी म्हणायची, "त्या अन्नछत्रांत कोणाकोणाला पान वाढतात ते एकदा जाऊन बघून ये." तू कधी गेला नाहीस.

शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडून घ्या अक्का, मोकळं वाटेल."

मी म्हटलं, "रडत नाहीये हो. मला राग आलाय."

त्यांनी हात काढून घेतला.

तुला इंग्रजी अक्षरं मी शिकवली हे अध्यक्षांना माहीत नाही. मी मिशनच्या शाळेत जात होते आणि तू नुसता उंडारत होतास. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आईचं धुणं होईपर्यंत मी तुला पायरीवर बसवून पाटीवर अक्षरं काढून घ्यायची. तू 'एस' उलटा काढायचास. चूक दाखवली की दुसरी मुलं पाटी पुसायची. तू पाटी पुसायचा नाहीस, पालथी घालायचास आणि म्हणायचास, "झालं माझं." मला त्या वेळी हसू यायचं. पुढे मोठेपणी तुझी ती सवय मी पाहिली तेव्हा हसू आलं नाही.

पण क्रमाने सांगते, नाहीतर मुलांना काही कळायचं नाही.

यजमान गेले आणि मुलगा आफ्रिकेला गेला, तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडून घरी बसले होते. तू आलास आणि म्हणालास, "अक्का, बायकांच्या बाजूचे केसपेपर लिहायला माणूस नाही. कंपाउंडर विचारतो तर त्या तोंड उघडत नाहीत. तुझं अक्षर चांगलं आहे. ये." एवढंच म्हणालास. माझं काय होईल याची तुला काळजी वाटत होती हे बोलला नाहीस, पण ते मला कळलं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. ती खुर्ची मिळाली नसती तर मी जपमाळ ओढत बसले असते, आणि जपमाळेत माझं मन कधी रमलं नाही.

तर सकाळी साडेसातला व्हरांड्यात टेबल मांडून मी बसायची. नाव, वय, जात, गाव, तक्रार असे पाच रकाने. प्रत्येकीने बाटली घरून आणायची. बाटलीला रॉकेलचा वास आला की कंपाउंडर सखाराम ती परत करायचा, मग ती बाई बाटली शोधत गल्लीभर हिंडायची. औषध भरलं की तो बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा, एका खुणेला एक डोस. आणि गळ्यात एक छापील गुलाबी चिठ्ठी बांधायचा. चिठ्ठी कोणाला वाचता येत नसे, म्हणून तोच म्हणायचा, "जेवणानंतर, तीन वेळा. समजलं? पुढची!" बाई म्हणायची, "समजलं." दिवसातून साठ-सत्तर वेळा मी हे ऐकत होते. चार वर्षं ऐकत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधी लिहून ठेवते.

हलीमा आली ती श्रावणात. तिचा नवरा इब्राहिम पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. आपल्याही गाद्या त्यानेच पिंजल्या होत्या. पावसाळ्यात कापूस दमट होतो, तार त्यावर चालत नाही, आणि पावसात गादी उसवायला कोण काढतं? ज्येष्ठापासून नवरात्रापर्यंत पिंजाऱ्याला काम नसतं. हे मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं. गावात कोणाला ठाऊक नव्हतं? पण ही माहिती आपण घरातल्या गाद्यांच्या संदर्भात ठेवली होती, दवाखान्यात तिचं काही काम आहे असं आपल्याला वाटलं नाही.

तिला हिवताप होता, एक दिवसाआड थंडी वाजून यायचा. तू क्विनाइनचं, लोक ज्याला कोयनेल म्हणतात त्याचं, मिश्रण दिलंस, चार दिवसांचं, बारा खुणांचं. पाचव्या दिवशी ती परत आली. ताप तसाच, डोळे पिवळे. तू बाटली उजेडाकडे धरलीस. बारातल्या चारच खुणा उतरल्या होत्या.

"औषध घेतलंस?"

"ली साब."

"किती वेळा?"

"खाने के बाद, साब. बोले थे ना, खाने के बादच ली मैं."

"रोज?"

"रोज ली. कसम से."

"खोटं बोलतेस! बारा डोस दिले, चार गेले. हे काय गूळपाणी आहे? बाहेर लोक कोयनेलसाठी रांग लावून बसलेत आणि ही बाटली मिरवत हिंडते!"

पडदा नव्हता, दार नव्हतं. व्हरांड्यात तीसएक माणसं बसली होती, त्यांतल्या सात-आठ तिच्याच गल्लीतल्या. तू तिच्या केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिलीस आणि कागद माझ्या टेबलावर टाकलास. लिहिलं होतं: भरवशाची नाही, सांगितल्याप्रमाणे औषध घेत नाही. इंग्रजीत लिहिलंस म्हणजे तिला वाचता येऊ नये. मराठीतही तिला वाचता आलं नसतं, पण तू काळजी घेतलीस.

ती माझ्या टेबलापाशी उभी होती. तिच्या तोंडावर गुन्हेगाराचा भाव नव्हता. गोंधळलेला होता, हिशोब बरोबर केलेल्या मुलाला मास्तरांनी मारल्यावर असतो तसा. मी शाळेत वीस वर्षं काढली आहेत. तो चेहरा मी ओळखते. म्हणून मी विचारलं. बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "हलीमा, तू दिवसातून किती वेळा जेवतेस?"

तिने ओढणी तोंडावर घेतली. आणि एक बोट वर केलं.

दत्तू, त्या क्षणी मला आनंद झाला. खरं ते लिहायचं तर हेच लिहायला हवं. मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. मी कागद घेऊन तुझ्या खोलीत आले, रोगी बसलेला असताना आले. "दत्तू, ती खोटं बोलत नाहीये! ती एकदाच जेवते! जेवणानंतर घे म्हटलं, म्हणून एकदाच घेते!"

तू मान वर केली नाहीस. "रिकाम्या पोटी क्विनाइन दिलं तर ओकून टाकेल. जेवणानंतर हेच बरोबर आहे."

"बरोबर आहे. पण जेवण कुठे आहे?"

"ते मी कुठून आणू? मी नाडी बघतो, अक्का, चूल बघत नाही. तू विचारलंस ना? ती म्हणाली ना, एकदा जेवते? आता काय देणार तिला? रकाना?"

पुढे कित्येकदा आपण हाच वाद घातला आणि दर वेळी तू हा 'रकाना' माझ्या तोंडावर मारलास. विचारायचं, लिहून घ्यायचं आणि बाई आली तशी उपाशी परत पाठवायची, हा न विचारण्यापेक्षा मोठा दुष्टपणा आहे, असं तुझं म्हणणं. ते चूक नव्हतं. मला राग त्याचा नाही. द्यायला काही नाही, म्हणून विचारूच नका, हा तू त्यातून काढलेला अर्थ, मला राग त्याचा आहे. तो तुला सोयीचा होता. न विचारल्यामुळे तुझी चिठ्ठी नेहमीच बरोबर राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिम आला. पिंजण खांद्यावर होतं. काम नसतानाही तो ते घेऊनच हिंडायचा. त्याने बाटली माझ्या टेबलावर ठेवली. घासून, धुऊन, उलटी वाळवून आणली होती.

"ही घ्या तुमची दवा. बाटली आमचीच आहे, पण राहू द्या."

"इब्राहिमभाई, अहो ती आजारी आहे."

"बीमार हे, मला मालूम हे. भुकी हे, ते भी मालूम हे. मला मालूम नव्हतं असं वाटलं तुम्हाला?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आमच्या घरची चूल तुम्ही चार लोकांत मांडली, बाई. गल्लीतली पोरं आता आम्हाला बघून एक बोट दाखवतात. साब तिला झुटी बोलले, ते चाललं असतं. झुटी बोलल्यानं इज्जत नाय जात. तुम्ही खरं विचारलं, ते नाय चाललं."

मी म्हटलं, "माझं चुकलं. तिला औषधाला पाठवा."

"माणसाला विचारायची एक रीत असते," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा दार बंद होतं आणि आतून खोकल्याचा आवाज येत होता. तुला म्हटलं, तू चल, डॉक्टर आला तर नाही म्हणणार नाहीत. तू म्हणालास, "बोलावल्याशिवाय मी कोणाच्या घरी जात नाही. आणि तूच घालवलंस तिला." गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात डोळ्यांचं मलम न्यायला आलेली तिची शेजारीण मला म्हणाली, "बाई, वो हलीमा गुजर गई ना. आठ दिन हुए." नाव, वय, जात, गाव, तक्रार. मरणाला त्यांत रकाना नव्हता. मी तिचा केसपेपर काढला आणि मग तुझ्या खोलीत आले.

तो दिवस तुला आठवत असणार. मेल्यावर माणसाला काही आठवतं की नाही, मला माहीत नाही, पण जिवंतपणी तुला तो रोज आठवत होता, याची मला खात्री आहे. मी केसपेपर तुझ्यासमोर ठेवला.

"ही ओळ खोड."

"केसपेपरवर खाडाखोड करत नाहीत, अक्का."

"मग खाली दुसरी लिही."

"काय लिहू?"

"ती खोटं बोलत नव्हती. एवढंच."

"त्याने ती परत येणार आहे?"

"नाही."

"मग?" आणि तू माझ्याकडे पाहिलंस. "आणि तू? तू खाली काय लिहिणार? बोट वर करायला तिला कोणी लावलं?"

मी कागद उचलला, क्रमांक पाहून गठ्ठ्यात घातला, लाल फीत बांधली. तू पाटी पालथी घातलीस, दत्तू. आणि पालथी घालताना माझीही पाटी तिच्याखाली दाबलीस.

तीन आठवडे आपण एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग मी तुला म्हटलं की जे एकदाच जेवतात त्यांना इथेच थोडी पेज द्यावी आणि पहिला डोस समोर पाजावा. तू स्टेथोस्कोप टेबलावर आपटलास. "म्हणजे पुन्हा बोटं वर करायला लावणार? उपाशी कोण ते उभे राहा? द्यायचंच असेल तर सगळ्यांना दे! सराफाच्या बायकोलाही दे! कोणाला काही विचारू नकोस, बसल्या जागी दे, आणि मला माझं काम करू दे!"

तू मला गप्प करायला बोललास. मी दुसऱ्या दिवशी घरून शेगडी आणली.

तांदूळ पहिले पंधरा दिवस माझ्या डब्यातला होता. मग इगतपुरीकडचा रेल्वेतला एक गँगमन, त्याच्या बायकोला तुझ्या औषधाने बरं वाटलं होतं, तो दर बाजाराला जाडा तांदूळ आणून टाकू लागला. पेठकडच्या बायका पानांचे द्रोण लावून आणायच्या. द्रोणाने निम्मी भांडणं मिटवली, कोणाचं उष्टं भांडं कोणाला घ्यायला नको. शिजवणारी मी, म्हणून ब्राह्मणांच्या बायकांनाही बोलायला जागा उरली नाही. गावात देवळाच्या दारावरून सत्याग्रह चालू होता ती वर्षं. वरून ओतायची पद्धत मी ठेवली नाही, महारवाड्यातल्या बाईलाही द्रोण हातातच दिला. दोघी-तिघी पदर सावरून उठून गेल्या. "येते मग," म्हणाल्या. ताप वाढला तशा आल्या.

आणि तू? तू त्या पहिल्या वर्षी मंडळाला तीन पत्रं लिहिलीस की व्हरांड्यात स्वयंपाक करणं आरोग्याला धरून नाही. तिन्ही पत्रांची नक्कल माझ्याच अक्षरात आहे, कारण तुझ्या पत्रांच्या नकला मीच करत असे. माश्या येतात म्हणालास. मी फडकं झाकलं. धूर होतो म्हणालास. मी कोळसे बाहेर पेटवून आत आणू लागले. निफाडचा एक म्हातारा शेतकरी द्रोण हातात घेऊन तुझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "काय वो डाक्टर, आदी नैवेद्य आन् मग तीर्थ? देऊळच काढलं की तुमी!" सगळा व्हरांडा हसला, तू सोडून. सराफाची बायको खरंच पेज प्यायची. "मीठ कमी आहे हो आज, अक्का," असंही सांगायची. ती पीत होती म्हणून बाकीच्यांना पिताना मान खाली घालावी लागत नव्हती. हे तू रागात सांगितलेलं होतं आणि हे माझ्या डोक्यात आलं नसतं. एवढं मी देते तुला. अध्यक्षांनी म्हटलं त्यातलं एवढं खरं आहे.

बाकीचं नाही. मुंबईहून एक मोठे डॉक्टर पाहणीला आले होते ते आठवतं? त्यांनी शेगडीपाशी थांबून विचारलं, "ही कल्पना कोणाची?" मी हातात पळी घेऊन तिथेच उभी होते. तू म्हणालास, "आमच्याकडे ही पद्धत आहे." आमच्याकडे! त्या दिवसापासून पेज तुझी झाली. वार्षिक वृत्तात ती तुझ्या नावावर चढली, आणि ते वृत्त मीच साफ अक्षरात लिहून काढलं. मी का खोडलं नाही? कारण केसपेपरवर खाडाखोड करत नाहीत. मला वाटलं होतं, तू स्वतः खोडशील.

आता दाराचं लिहायला हवं. ते लिहायचं मनात नव्हतं, पण मुलं पुढे मोठी होतील आणि सखारामाकडून त्यांना कळेल, मग आजीने दडवलं असं होईल. पेज सुरू होऊन वर्ष झालं असेल. एक दिवस सकाळी पाहते तर मलमपट्टीच्या छोट्या खोलीला सुतार चौकट ठोकत होता. मी विचारलं, "तुला कोणी बोलावलं?"

"डाक्टरसाहेबांनी. बोलले, दाराला आतून कडी पायजे. बाईंना बोलायचं असतं."

तू मला काही सांगितलं नव्हतंस. संध्याकाळी घरी जातानाही सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मी टेबल त्या खोलीत नेलं. एकेकीला आत घ्यायची, कडी लावायची, मग विचारायची. घरी कोण कोण आहे, पाणी कुठून आणता, किती वेळा चूल पेटते, औषध न्यायला परत कोण येईल. पेजेने भागत नाही अशा गोष्टी त्या कडीच्या आत निघाल्या. गँगमनची बायको दर चार दिवसांनी येऊ शकत नव्हती, घरी आंधळी सासू होती. मी कागदाच्या कोपऱ्यात तेवढं लिहिलं आणि तू काही न बोलता तिला पंधरा दिवसांचं औषध दिलंस. त्यानंतर माझ्या कोपऱ्यातल्या ओळी तू वाचू लागलास. वाचतोस हे कबूल करत नव्हतास. पण औषध बदलत होतं. एकदा मी मुद्दाम कोपरा कोरा ठेवला तर तू कागद परत पाठवलास. "अर्धवट आहे," म्हणालास.

म्हणजे तुला कळत होतं. माझा राग त्यामुळे कमी होत नाही, दत्तू, वाढतो. तुला कळत नसतं तर मी सोडून दिलं असतं. तू दार बसवलंस, कोपरा वाचलास, सगळं केलंस, आणि एका मेलेल्या बाईबद्दल चार शब्द लिहिले नाहीस. दर वर्षी गणपतीच्या आधी मी विचारायची, "तो कागद काढू का?" आणि तू म्हणायचास, "कुठला?"

या वैशाखात तू अंथरुणाला खिळलास. पोटात काही ठरत नव्हतं. सखाराम दुपारी तुझं औषध घेऊन आला, बाटलीला पट्टी, गळ्यात चिठ्ठी, सवयीने. त्याच सवयीने तो म्हणून गेला, "साहेब, जेवणानंतर, तीन वेळा." मी वाटीत पेज घेऊन तुझ्या उशाशी बसले होते. दोन दिवसांत दोन चमचेही गेले नव्हते. तू चिठ्ठीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस.

मी विचारलं, "काय?"

तू म्हणालास, "काही नाही."

मी पुन्हा विचारायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना विचारत आले, तुला दुसऱ्यांदा विचारलं नाही. वाटी ठेवली, तुझं तोंड पुसलं. तुला बोलायचं असेल तर तू बोलशील, असं मला वाटलं. नंतर चार दिवस तू होतास, पण बोलण्यासारखा नव्हतास.

काल सभेहून मी घरी गेले नाही. दवाखान्यात गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. सहा वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला, लाल फीत माझ्याच गाठीची होती. मी आशेने उघडला, हे खोटं सांगत नाही. मला वाटलं, कधीतरी माझ्या नकळत तू तो काढला असशील, खाली काहीतरी लिहून परत ठेवला असशील. दाराचं असंच केलं होतंस ना, न सांगता.

काही नव्हतं. तुझी ती इंग्रजी ओळ, तुझ्या तिरप्या सुबक अक्षरात, आणि खाली कोरा कागद. अक्षर सुबक आहे, कारण मी गिरवून घेतलं होतं.

मी दौत घेतली. तुझी ओळ खोडली नाही, ते आपल्यात ठरलेलं आहे. तिच्याखाली मराठीत लिहिलं: 'ही बाई दिवसातून एकदाच जेवत होती. तिला औषध जेवणानंतर घ्यायला सांगितलं होतं. तिने ते सांगितल्याप्रमाणेच घेतलं. हे तिला चारचौघांत विचारण्याची चूक माझी.' खाली सही केली, कालची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत बसले. तू तिथे असतास तर म्हणाला असतास, त्याने ती परत येणार आहे? नाही येणार. तू पण येणार नाहीस.

मग बाहेर आले तर सखाराम पायरीवर बसला होता. सभेहून थेट तोही तिथेच आला होता. "अक्का," तो म्हणाला, "नवे डॉक्टर सोमवारी येणार. ते पेज ठेवतील का?"

मी म्हटलं, "शेगडी माझी आहे. त्यांना विचारायचं कारण नाही."

"आणि चिठ्ठी? नव्या छापायच्यात. तेच छापू? जेवणानंतर, तीन वेळा?"

"छाप. पण चिठ्ठी बांधायच्या आधी बाई माझ्या खोलीतून येऊ दे."

विनू, शरयू, कात्रण खुशाल चौकटीत लावा. तुमचे मामाआजोबा फोटोत दिसतात तसेच होते, टोपी जरा जास्त सरळ आहे इतकंच. इकडचं सांगायचं तर पेज रोज सकाळी आठला शेगडीवर चढते. छोट्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. आणि हलीमाचा केसपेपर कपाटात आपल्या क्रमांकावर आहे, त्यावर आता दोघांची अक्षरं आहेत.